बत्तीस कुठून आले?

[दृश्य: ठेचलेल्या बर्फाने भरलेला थर्मास. त्यात काचेचा थर्मामीटर, दोन्ही बाजूंनी आकडे.]

बर्फ ठेचून अगदी बारीक केलाय. त्यात पाणी घातलंय, चुरा जेमतेम भिजेल इतकंच. थर्मामीटरचा फुगा मधोमध धरायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. आता थांबायचं.

[दृश्य: लाल रेघ खाली उतरते. क्लोजअप.]

रेघ सावकाश उतरते आणि एका जागी येऊन थबकते. डावीकडे, सेल्सिअसच्या बाजूला, वाचलं तर शून्य. उजवीकडे, फॅरेनहाइटच्या बाजूला, वाचलं तर ३२.

[दृश्य: पुण्यातल्या एका शाळेची प्रयोगशाळा. मुलं टेबलाभोवती दाटीवाटीने.]

‘नऊ छेद पाच गुणिले सी, अधिक बत्तीस.’ सेल्सिअसचे फॅरेनहाइट करायचं हे सूत्र या मुलांना तोंडपाठ आहे. पण त्यातले बत्तीस इथे, या बर्फात, त्यांनी आज पहिल्यांदा पाहिले. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हा थर्मास वर्गात यायला हवा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[दृश्य: जुना नकाशा. बाल्टिक समुद्राचा किनारा, दान्झिग.]

डॅनिएल गॅब्रिएल फॅरेनहाइट. जन्म १६८६, दान्झिगचा, म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. १७०१ मध्ये विषारी अळंबी खाण्यात आल्याने आई आणि वडील एकाच दिवशी गेले. मुलाला व्यापार शिकायला अॅमस्टरडॅमला पाठवलं. तिथे त्याचा जीव रमला तो काचेच्या नळ्यांमध्ये.

त्या काळी दोन कारागिरांचे दोन थर्मामीटर एकाच खोलीत वेगवेगळे आकडे दाखवत. फॅरेनहाइटला हेच मोडून काढायचं होतं. १७०८ मध्ये कोपनहेगनला तो ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाला भेटला. रोमरच्या मापात पाणी गोठायचं साडेसात अंशांवर, आणि शरीराची ऊब होती साडेबावीस. असे अपूर्णांक नळीवर कोरायचे कसे? फॅरेनहाइटने अंशांचे चार-चार भाग केले. आले ३० आणि ९०. पुढे तेही बदलून त्याने ३२ आणि ९६ धरले.

[दृश्य: कोऱ्या काचेच्या नळीवर खुणा करणारा हात. आधी दोन खुणा, मग मधोमध तिसरी, मग चौथी.]

हा हात नीट बघा. ३२ आणि ९६ यांच्यामध्ये ६४ घरं. दोन खुणांचा मध्य काढायचा. मग प्रत्येक अर्ध्याचा मध्य. असं सहा वेळा केलं, की ६४ घरं तयार. मोजपट्टीवर बारीक आकडे शोधत बसायला नको, कर्कटक पुरे. ज्याला रोज हाताने नळ्या आखायच्या आहेत, त्याच्यासाठी हे आकडे सोन्यासारखे.

आणि त्याचं शून्य? बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा गारवा. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे सगळं छापलं. नळीत भरायला त्याने पारा घेतला होता. मापं जुळू लागली.

[दृश्य: उप्सालामधली बर्फाच्छादित छपरं.]

स्वीडनमध्ये आंदेर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये दुसरी वाट धरली. दोनच टोकं: पाणी गोठतं तिथलं एक, उकळतं तिथलं दुसरं. मध्ये शंभर घरं. फक्त त्याने शून्य ठेवलं होतं उकळत्या पाण्याला, आणि १०० बर्फाला. १७४४ मध्ये तो वारला. त्यानंतर लवकरच माप उलटं झालं, आणि ते आजही तसंच आहे.

[दृश्य: गॅसवर पातेलं, खळखळ उकळतं पाणी. थर्मामीटर वाफेत.]

आता दुसरं टोक. पुस्तकात पाणी १०० अंशांना उकळतं, फॅरेनहाइटच्या बाजूला २१२. पण आमची रेघ थांबली ९८ च्या आसपास. थर्मामीटर बिघडलेला नाही. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. सेल्सिअसलाही हे ठाऊक होतं. उकळबिंदू दाबाप्रमाणे सरकतो, याची दखल त्याने घेतली होती. हेच पातेलं मुंबईत ठेवलं असतं, तर रेघ १०० च्या जवळ गेली असती.

[दृश्य: फळा. खडूने दोन उभ्या पट्ट्या.]

दोन पट्ट्या शेजारी ठेवू. एकीकडे बर्फापासून उकळीपर्यंत १०० पायऱ्या. दुसरीकडे ३२ पासून २१२ पर्यंत, म्हणजे १८०. सेल्सिअसच्या एका पायरीत फॅरेनहाइटच्या १.८ पायऱ्या बसतात. १८० छेद १००, तेच नऊ छेद पाच. आणि फॅरेनहाइटची पट्टी बर्फापाशी ३२ ने पुढे आहे, म्हणून अधिक बत्तीस. सूत्र एवढंच आहे.

तोंडी करायचं तर आणखी सोपं. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा हिस्सा काढा, ३२ मिळवा. ४० चे ८०, वजा ८, झाले ७२, अधिक ३२, उत्तर १०४. अंदाज नव्हे, तंतोतंत.

[दृश्य: फळ्यापाशी एक मुलगी. ओठ हलतात. ती ‘१०४’ लिहिते.]

उलट जायचं तर आधी ३२ वजा. मग निम्मे. मग त्या निम्म्यात त्याचाच दहावा हिस्सा मिळवा. १०२ ताप आहे: ७०, निम्मे ३५, अधिक साडेतीन, साडेअडतीस. बारकाईने केलं तर ३८.९. घाईत एवढा फरक राहतो, तो लक्षात ठेवायचा.

परदेशी गेलेली आपली माणसं ‘दुप्पट करून तीस मिळवा’ असं सांगतात. थंडीवाऱ्याच्या गप्पांना ते चालतं. १० अंशांना तर ते अचूक ५० देतं. पण तापाला ही युक्ती लावू नका. ३८ अंशांचा ताप त्या हिशेबाने १०६ होतो. खरा असतो १००.४.

[दृश्य: लहान मूल, कपाळावर ओली घडी. आई थर्मामीटर उजेडाकडे धरून वाचते.]

[निवेदन थांबते. दहा सेकंद.]

[दृश्य: जुना काचेचा ताप मोजायचा थर्मामीटर. फुग्याच्या वर नळी चिमटलेली दिसते.]

नळी इथे चिमटलेली आहे. चढलेला पारा आपोआप खाली येत नाही, झटकावा लागतो. आकडे ९४ ते १०८. आपल्याकडे १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, पुढे मीटर आले, किलो आले, हवामानाच्या बातम्या सेल्सिअसमध्ये आल्या. ताप मात्र घराघरात फॅरेनहाइटमध्येच राहिला. ‘शंभराच्या वर गेलाय’ हे मराठी घरात कुणालाही कळतं.

निरोगी माणसाचे ९८.६ हे मात्र इतके काटेकोर नाहीत. जर्मनीत कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी मांडली. तिचं रूपांतर झालं आणि दशांश चिकटला. निरोगी शरीर दिवसभरात थोडं वरखाली होतच असतं. ९९ दिसल्याबरोबर घाबरायचं कारण नाही.

[दृश्य: पुणे, शिवाजीनगर. सिमला ऑफिस चौकाची पाटी. मग आवारातली पांढरी लाकडी पेटी, झडपांची.]

हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, चौकाला नाव मिळालं ते त्यावरून. वेधशाळांमधले थर्मामीटर अशा पेटीत असतात. पांढरा रंग, चहूबाजूंनी झडपा, दार उत्तरेला. ऊन थेट आत शिरत नाही, वारा मात्र खेळता राहतो.

पुण्याचा जुना उच्चांक सांगतात तो ३० एप्रिल १८९७ चा: ४३.३ अंश. आता हाच आकडा फॅरेनहाइटमध्ये करून पाहा. ८६.६, वजा ८.६६, अधिक ३२. येतात १०९.९४. त्या काळी नोंदी फॅरेनहाइटमध्ये होत. म्हणजे पेटी उघडणाऱ्या माणसाने त्या दिवशी रेघ पाहिली ती ११० च्या काठावर.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. बोट ‘१.५’ टाइप करतं.]

एक जागा अशी आहे, जिथे मोबाइलही फसवतो. पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याचा प्रयत्न करायचा, असं पॅरिस करारात म्हटलंय. मोबाइलला १.५ सेल्सिअसचे फॅरेनहाइट विचारले.

[दृश्य: पडद्यावर ३४.७.]

हे चूक आहे. मोबाइलने १.५ वर असलेलं तापमान सांगितलं. आपण विचारत होतो वाढ. वाढ, घट, फरक यांना बत्तीस लागत नाहीत, कारण दोन्ही टोकांना मिळवलेले बत्तीस वजाबाकीत उडून जातात. तिथे फक्त १.८ ने गुणायचं. दीड अंशांचे २.७.

[दृश्य: पुन्हा फळा. तीच मुलगी, हातात खडू.]

सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर आपल्याकडे उष्णतेची लाट धरतात. तिने ४० चे १०४ केले. साडेचारचे केले ८.१. बत्तीस एकदाच मिळवले, जिथे मिळवायला हवे होते तिथेच.