तोफ विकता येते, मग जहाज का नाही?

मित्रहो, आजचा विषय मला ज्या शब्दामुळे आवडतो, त्याच शब्दापासून सुरुवात करतो: तटस्थ. तटावर उभा असलेला. समोर प्रवाहात दोघे झुंजताहेत आणि हा काठावर आहे. त्याने काठावरून एकाला काय द्यायचं आणि काय नाही, हा आपला प्रश्न.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७च्या हेग परिषदेतल्या तेराव्या कराराचं उत्तर ऐकायला विचित्र वाटतं. तटस्थ सरकारने स्वतः युद्धनौका किंवा दारूगोळा द्यायचा नाही. तिथल्या खासगी व्यापाऱ्याने तोफा निर्यात केल्या, तर त्या अडवायला सरकार बांधील नाही. पण युद्धासाठी जहाज सज्ज होत असेल, तर ते हाती असतील त्या साधनांनी रोखलंच पाहिजे. का? तोफ पेटीतून जाते, वाटेत शत्रूला ती जप्त करता येते. जहाज मात्र स्वतःच चालत जातं. ज्या बंदरातून ते लढाईला निघतं, ते बंदर लढाईचा तळच होऊन बसतं.

हा नियम एका जहाजाने शिकवला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. दक्षिणेकडच्या राज्यांचा हस्तक जेम्स बुलॉक याने इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या लेअर्ड गोदीत एक जहाज बांधायला टाकलं. गोदीच्या वहीत त्याचा क्रमांक २९०. ब्रिटनचा १८१९चा कायदा युद्धासाठी जहाज ‘सज्ज’ करायला मनाई करत होता. बुलॉकने वकिलांकडून त्या शब्दाची हद्द विचारून घेतली: जहाज बांधा, तोफा मात्र ब्रिटिश हद्दीत चढवू नका.

लंडनमधले अमेरिकन राजदूत चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स पुरावे गोळा करून देत राहिले. कागद सरकारच्या एका वरिष्ठ कायदेसल्लागाराकडे गेले; तो मानसिक आजाराने खचलेला होता आणि कागद तसेच पडून राहिले. २९ जुलै १८६२ रोजी जहाज चाचणीच्या नावाखाली, पाहुण्यांना बरोबर घेऊन निघालं. पाहुणे एका छोट्या बोटीने परतले. जहाज परतलं नाही. अझोर्स बेटांपाशी दुसऱ्या जहाजाने आणलेल्या तोफा त्यावर चढल्या, आणि त्याचं नाव झालं ‘अलाबामा’. फ्रान्समधल्या चेरबूरजवळ जून १८६४मध्ये बुडण्याआधी त्याने उत्तरेकडची साठाहून अधिक जहाजं पकडली.

मला वाटतं, इथे कायदा अपुरा होता हे अर्धंच सत्य आहे. संशय पुरेसा होता. कमी पडली ती तातडी. म्हणूनच या नुकसानीचा वाद मिटवायला अमेरिका आणि ब्रिटन यांनी केलेल्या १८७१च्या वॉशिंग्टन तहात जी कसोटी ठरली, तिला ‘योग्य ती दक्षता’ म्हणतात: सरकारने डोळे उघडे ठेवले होते का? जिनेव्हाच्या लवादाने १८७२ साली ब्रिटनला अमेरिकेकडे भरपाई म्हणून १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात भरायला लावले. ब्रिटनने तोवर, १८७०मध्ये, कायदा बदलून अशा हेतूने जहाज बांधणं हाच गुन्हा केला होता.

पण हेतू सिद्ध कसा करायचा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२२मध्येच म्हटलं होतं की शस्त्रसज्ज जहाजही निव्वळ व्यापारी धाडस म्हणून परदेशी बंदरात विकायला नेलं, तर तो तटस्थतेचा भंग नाही. जोखीम एवढीच, की वाटेत शत्रू ते जप्त करू शकतो. म्हणजे तेच जहाज, त्याच तोफा. फरक केवळ मनातल्या बेताचा.

या तर्काचं टोक १९४० साली गाठलं गेलं. ब्रिटनला विनाशिका (डिस्ट्रॉयर युद्धनौका) हव्या होत्या, अमेरिका अजून तटस्थ होती. अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी १९१७चा कायदा उघडला. त्यात युद्धमान राष्ट्राला देण्याच्या हेतूने बांधलेलं जहाज पाठवायला बंदी होती. जॅक्सन म्हणाले, जुन्या विनाशिका आपल्याच नौदलासाठी बांधल्या होत्या, तेव्हा हा हेतू नव्हताच. त्या देता येतील. पण गोदीत बांधल्या जात असलेल्या छोट्या टॉर्पेडो बोटी ब्रिटनला द्यायचं ठरलं, तर त्या पुढे त्याच हेतूने बांधल्या जातील. त्या देता येणार नाहीत.

देशांतर्गत कायद्याच्या अक्षरांत हे बसतं. पण देणारं इथे खुद्द सरकारच होतं, आणि हेगचा सहावा अनुच्छेद नेमकं तेच नाकारतो. ती अडचण जॅक्सन यांच्या युक्तिवादाने सुटली असं मला वाटत नाही. २ सप्टेंबर १९४०च्या कराराने ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला मिळाल्या, बदल्यात अमेरिकेला तळांचे हक्क. टॉर्पेडो बोटींचा बेत त्याआधीच गुंडाळला गेला होता.