साखळी, आणे आणि टिपण

नमस्कार मंडळी. मी सर्व्हेअर, निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहण्यात गेलं. आज मोजणीतल्या शब्दांबद्दल बोलायचंय, कारण मोजणीच्या दिवशी शेतकरी सकाळपासून उन्हात उभा असतो, आम्ही एकमेकांना आकडे ओरडून सांगत असतो, आणि ज्याची जमीन त्यालाच त्यातलं काही कळत नसतं, तरी संध्याकाळी तो कागदावर सही करून घरी जातो. हे मला आजही बघवत नाही.

गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण 33 च का? कारण मोजायची लोखंडी साखळीच 33 फुटांची होती. शंकू साखळी म्हणायचे तिला. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. या साखळीचे 16 भाग, प्रत्येक भाग एक आणा, जुन्या रुपयासारखाच हिशोब. एक आणा म्हणजे 2 फूट आणि वर पाऊण इंच. दुसरी गंटर साखळी, ती 66 फुटांची, 100 कड्यांची. साखळी वापरून वापरून झिजते, कड्या ढिल्या होतात आणि ती थोडी लांबते, म्हणून मधूनमधून ती तपासून घ्यावीच लागायची.

त्याही आधी आपल्याकडं काठी होती. शिवकाळातली काठी 5 हात 5 मुठींची, 20 काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि 120 बिघ्यांचा चावर. इंग्रज आले, प्रिंगल साहेबानं पुणे भागात मोजणी आणि आकारणी केली ती फसली, मग 1835-36 च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं सुरुवात केली, आणि आपले सर्व्हे नंबर त्याच पद्धतीतून आले. गट नंबर फार नंतरचे, 1947 च्या तुकडेबंदी तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झालं तेव्हाचे. त्यामुळं जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल तर घाबरू नका, दोन्ही जुळवून बघा.

आता टिपण. माझ्या मते शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्याइतकाच जपायचा कागद हा. सर्व्हे नंबरची हातानं काढलेली आकृती असते, ती स्केलवर नसते, त्यामुळं पट्टी लावून काही निघत नाही, आकडेच वाचायचे. मधून एक लाईन गेलेली असते, तिच्यावर साखळी आणि आणे लिहिलेले, आणि त्या लाईनीपासून डाव्या-उजव्या हाताला बांधाच्या कोपऱ्यापर्यंत काटकोनात घेतलेली मापं. हा काटकोन क्रॉस स्टाफनं काढायचे. काठीवर एक डोकं बसवलेलं, त्यात एकमेकींना आडव्या दोन चिरा, एका चिरेतून लाईनीवरचा बावटा बघायचा, दुसरीतून बांधाचा कोपरा, दोन्ही एकदम दिसले की काठी बरोबर जागेवर उभी आहे. समजा टिपणावर 3 साखळी 7 आणे लिहिलंय. 3 साखळ्यांचे 99 फूट, 7 आण्यांचे साडेचौदा फुटांना जरासे कमी, म्हणजे 113 फूट 5 इंच. एवढं गणित आलं की टेप घेऊन तुम्ही स्वतः अंदाज घेऊ शकता.

साखळीनंतर प्लेन टेबल आलं, तिपाईवरचा लाकडी फळा, त्यावर कागद लावून शेतातच नकाशा काढायचा. मग टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर एकदम मोजणारं मशीन, आणि आता रोव्हर, म्हणजे सॅटेलाईटवरून जागा सांगणारं मशीन. रोव्हरची काठी सरळ उभी धरायची, तिच्यावरचा बुडबुडा मधोमध आणायचा, सॅटेलाईट आणि कॉर्स स्टेशन (जमिनीवर कायम चालू असणारं सिग्नलचं केंद्र) यांच्या सिग्नलवर ती जागा काही सेंटिमीटरच्या आत मिळते. लोक म्हणतात आता मशीन आलंय, भांडणं मिटतील. पण मशीन सांगतं तुम्ही कुठं उभे आहात. तुमचा बांध कुठं असायला हवा, ते जुन्या टिपणालाच विचारावं लागतं.

एका गावात दोन चुलतभावांचं बांधावरून वाजलं होतं, बोलणं बंद, पोरांची लग्नं वेगळ्या मांडवात. रोव्हरनं आम्ही बांधावरच्या बोरीपाशी येऊन थांबलो, टिपणात तिथं कोपऱ्याचा दगड दाखवलेला, जमिनीवर काहीच नाही. थोरला म्हणाला, खोदा. हातभर खाली मुळ्यांत अडकलेला घडीव दगड निघाला. नांगराच्या मातीनं कधी झाकला गेला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दोघांनी सांगितलेल्या जागा वेगवेगळ्या होत्या, दगड तिसऱ्याच ठिकाणी. हद्दीच्या खुणा सांभाळणं कायद्यानं जमीनधारकाचंच काम आहे, 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात तसं लिहिलंय, म्हणून तुमचा दगड झाकला गेला असेल तर मोकळा करा, चुना लावा.

अजून एक, आर आणि गुंठा एकच समजू नका. आर म्हणजे 100 चौरस मीटर, 1076 चौरस फूट. गुंठा 1089. एकराला हा फरक साधारण अर्ध्या आराचा पडतो, आणि शहराजवळच्या जमिनीत अर्धा आर म्हणजे किती पैसे ते तुम्हाला मी सांगायला नको.

मोजणी लावायची तर अर्जात नेमकं लिहा, हद्द कायम (बांध ठरवायला), पोटहिस्सा (वाटणीसाठी) की बिनशेती. झालेली मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, तीही पटली नाही तर त्याच्याही वरची सुपर निमताना. आणि अर्ज करायच्या आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून टिपणाची नक्कल काढा, फाळणी, म्हणजे नंबराचे हिस्से, झाले असतील तर फाळणी बारा या हिश्शांच्या मोजणीच्या कागदाचीही, आणि मोजणीदार यायच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी ती मधे ठेवून वाचा, म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवा, त्यांना दगडांच्या जागा आठवतात.