टोळी, लेव्ही आणि हातावरची मजुरी

नमस्कार श्रोतेहो.

वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, तांदळाचा ट्रक लागला की हमालांची टोळी पोती उतरवायला लागते. या माणसांचा मालक कोण? सकाळी ती एका गाळ्यावर असतात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. एकाही व्यापाऱ्याकडे रोज आठ तास पुरेल एवढं काम नसतं, त्यामुळे त्यांना पगारावर कुणीच ठेवत नाही. कारखान्यांचे कायदे एक मालक, एक फाटक आणि एक हजेरीपट धरून केलेले. हा घाऊक बाजार आधी मुंबईत मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत भरत होता, तेव्हा ते कायदे हमालाच्या कामी येत नव्हते. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी या कष्टकऱ्यांची संघटना बांधली, लढे दिले आणि 1969 साली राज्यानं माथाडी कायदा केला.

या कायद्यानं मालक शोधत बसण्यापेक्षा मजुरीची वाट बदलली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेलं माथाडी बोर्ड मधे आणलं. व्यापारी बोर्डात नोंद करतो, टोळीचीही नोंद होते. मुकादम लिहून ठेवतो: किती नग, किती वजन, माल नुसता उतरवला की थप्पीही मारली. कारण प्रत्येक कामाचा दर वेगळा. त्या हिशेबानं व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम, बोर्डात भरतो, बोर्ड कामगाराला त्याची मजुरी देतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि औषधपाण्याची सोय होते. दहा गाळ्यांवर केलेलं काम अशा रीतीनं एकाच खात्यावर जमा होतं. हमालाला निवृत्तीचे पैसे मिळतात ते यामुळे.

आता बिघडतं कुठे ते पाहू. लेव्हीचा टक्का बोर्डागणिक वेगळा असतो, पण हिशेबापुरता 30 धरू. 1000 रुपयांच्या मजुरीला व्यापाऱ्याचे 1300 जातात. तो म्हणतो, "बोर्ड राहू दे, 1100 हातावर घे." त्याचे 200 वाचले, कामगाराला 100 जास्त मिळाले, दोघेही खूश. पण त्या दिवसाचं काम बोर्डाच्या वहीत चढलंच नाही. त्यावरचा फंड नाही, बोनसच्या हिशेबात ती मजुरी नाही. त्या दिवशी पोतं मानेवर पडलं, तर नुकसानभरपाई मागताना आधी सिद्ध करायचं की मी तिथे कामावर होतो. 100 रुपयांत कामगार एवढं सगळं विकून बसतो, आणि ज्याला आज घरभाडं द्यायचंय त्याला दोष देणं मला जमत नाही.

व्यापाऱ्याची बाजूही खरी आहे. ट्रक आठवड्यातून दोनदाच येणार असेल तर बारमाही हमाल ठेवणं त्याला परवडत नाही. टोळी म्हणजे सगळ्या बाजारानं मिळून ठेवलेले कामगार, हा त्याचा मोठा फायदा. पण गाळ्याला टोळी ठरलेली असते, हवी ती बोलावता येत नाही. फोर्कलिफ्टनं उतरवलेल्या मालावर मजुरी कुणाची, यावर वाद होतात. ट्रकवाल्याकडून वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, मागितली जाते. 'ज्याचा माल त्याचा हमाल', म्हणजे हमालीचे पैसे मालाच्या मालकानंच द्यावेत, ही वाहतूकदारांची मागणी त्यातूनच आली. नोंदणी नसलेले काही जण माथाडीचं नाव सांगून पैसे उकळतात. त्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करायचा. त्यांच्यापायी कायद्यालाच नावं ठेवणं हा खऱ्या हमालावर अन्याय आहे.

रोजगाराच्या बाजारावरचा परिणाम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टोळीतली जागा बहुतेकदा भावाला, मुलाला मिळते. जो आत आहे त्याला संरक्षण, जो नवा आला तो बाहेर. त्यात भिवंडीकडे मोठमोठी गोदामं उभी राहिली, तिथे पुष्कळ काम कंत्राटदाराच्या माणसांकडून होतं. काम तेच, वजन तेच, पण मजुरी बोर्डातून जात नाही. केंद्राच्या 4 श्रम संहितांनी 29 केंद्रीय कायदे एकत्र केले. माथाडी कायदा राज्याचा, तो त्या 29 मध्ये नाही. म्हणजे या गोदामांपर्यंत टोळीची नोंदणी न्यायची की नाही, हे महाराष्ट्रालाच ठरवायचं आहे. माझ्या मते न्यावी, आणि लेव्हीतला पैसा कुठल्या बाबीवर किती खर्च झाला हे व्यापाऱ्यालाही दिसावं. पैसे कुठे जातात हे कळलं, तर हातावर मजुरी देण्याचं त्याचं एक कारण तरी कमी होईल.

टोळीत काम करणाऱ्या श्रोत्यांना एक विनंती. मुकादमाच्या नोंदीवर विसंबू नका. तारीख, गाळा नंबर, नग आणि वजन स्वतःच्या वहीत लिहा, महिनाअखेरीस खात्यात आलेल्या मजुरीशी ताडून पाहा. फरक दिसला तर वही घेऊन बोर्डाच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मालकानं थकवलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, पण आधी ती किती आहे हे कागदावर दिसायला हवं.