गर्भवतीची लघवी-तपासणी

नमस्कार श्रोतेहो. गर्भवतीच्या लघवीची तपासणी, काही त्रास नसतानाही, का करावी याविषयी आज बोलणार आहे. आणि हा विषय निघाला की मला आमच्या आरोग्य केंद्रात आलेली ऊसतोड टोळीतील एक गर्भवती आठवते.

सहावा महिना चालू असताना ती नवऱ्याबरोबर बीडकडून कारखान्याच्या तळावर आली होती. पहाटे अंधारात फडात उतरायचे, आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून धरायची आणि लघवी लागूच नये म्हणून पाणी प्यायचे नाही, असा तिचा क्रम होता. जळजळ सुरू झाली तेव्हा उन्हाळी लागली असे समजून सासूने मायेने धण्याचे पाणी दिले, आणि खाडा झाला तर मजुरी कापली जाईल म्हणून तिनेही दुखणे अंगावर काढले. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप, उलट्या आणि उजव्या कुशीत मागच्या बाजूला असह्य कळ. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचले होते. रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. बाळ सुखरूप राहिले. घरी जाताना तिने विचारले, "मॅडम, पाणी भरपूर पी म्हणता, पण मग जायचे कुठे?" तळावर आणि फडाजवळ पाण्याची सोय असलेले शौचालय हा गर्भवतीच्या उपचाराचाच भाग आहे, असे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

गर्भारपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांवर दाबते, लघवी तुंबते आणि तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. शंभर गर्भवतींपैकी साधारण 2 ते 10 जणींच्या लघवीत असे जंतू जळजळ नसतानाही सापडतात. उपचार न झाल्यास त्यांतील काहींच्या मूत्रपिंडाला संसर्ग होतो आणि दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून पुन्हा सांगते, त्रास नसला तरी पहिल्याच तपासणीत लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घ्यावे. नमुना देताना जागा पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी. शौचानंतर पुढून मागे धुवावे, लघवी दाबून धरू नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले तरी अर्ध्यावर सोडू नयेत, आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. गाव सोडून कामाला निघालेल्या बहिणींनी माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या पेटीत न ठेवता सोबत घ्यावे, म्हणजे तळाजवळच्या केंद्रातील परिचारिकेला पुढची तपासणी कोणती हे त्यावरून कळते.