तू कोणाचा, हे न विचारणारी वस्ती

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. अध्यक्षांनी माझी ओळख ‘पदभ्रमणाचे अभ्यासक’ अशी करून दिली. आमच्या घरी यालाच रिकामटेकडा म्हणतात. निवृत्तीनंतर माणसानं एक तर भजनी मंडळात जावं नाहीतर पायी हिंडावं. माझा गळा तुम्ही ऐकताच आहात.

विषय पत्रिकेत छापलाय: ‘सदर, एक मिसळ वस्ती: पायी ओळख’. सदर म्हणजे आपल्या नागपुरातलाच एक भाग. आधी एक करू. इथं पायी कोण कोण आलंय? हात वर करा. एक, दोन... तीन. त्यातल्या एकाची गाडी दुरुस्तीला टाकलेली आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणजे दोन. नागपूरकर पानठेल्यापर्यंत गाडीनं जातो, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून होईपर्यंत गाडी चालूच ठेवतो आणि तशीच वळवून घरी येतो. उन्हाचं कारण सांगू नका, राजेहो. पहाटे साडेपाचला मेमध्येसुद्धा ऊन नसतं.

पायी चालणाऱ्याकडे हे गाव कसं बघतं, तेवढं सांगतो. चार वर्षांपूर्वी सदरमध्येच फुटपाथवरून चाललो होतो. एका फरशीवर पाय ठेवला. फरशी होती, पण तिच्याखाली काही नव्हतं. गुडघ्यापर्यंत नालीत. दोन पोरांनी ओढून काढलं, त्यातला एक म्हणाला, “काका, पैदल कायको चल रहे थे?” दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या मुलानं फॉर्म काढला आणि मान वर न करता विचारलं, “गाडी कोणती होती?” म्हटलं, गाडी नव्हती. “मग समोरच्याची कोणती होती?” समोरचाही नव्हता. तो थांबला. त्या फॉर्मात नुसता माणूस पडायची सोयच नव्हती. शेवटी त्यानं ‘दुचाकी’ लिहिलं. त्याच्या हिशोबानं दोन पाय म्हणजे दुचाकीच की. तिकडे गड्डीगोदामला जाऊन बघा. खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. चार मजली वाहतूक, कौतुकाचीच गोष्ट आहे. त्या चार मजल्यांत पायी माणसाचा मजला कोणता, तेवढं मला कोणी दाखवून द्यावं.

या गावात पायी हिंडण्याची परंपरा नाही असंही नाही बरं. हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं, तो स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथं आला. मिशनरी स्कॉटलंडचा, पण जीव सगळा दगडांत. आसपासचा मुलूख हिंडून त्यानं जीवाश्म गोळा केले. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परत येत होता, ओढ्याला पूर होता, त्यात बुडाला. मी घरी एवढंच म्हणतो की बाबा पायी असता तर काठावर थांबला असता.

असो. सदर.

‘सदर’ हे नाव आपलं नाही, पलटणीचं आहे. जिथं जिथं इंग्रजांची छावणी, तिथं तिथं सदर बाजार. मेरठला आहे, साताऱ्याला आहे. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि रेसिडेंटसाहेबाचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज वकिलाचा, मुक्काम पक्का झाला. रेसिडेन्सी रोड हे नाव तिथलं. पुढं चार वर्षांनी कामठीची छावणी वसली, तिथं मद्रासी पलटणी आल्या. पलटणीमागं दुबाशी, कंत्राटदार, आचारी, दर्जी. १८५४ला राज्य खालसा, १८६१ला मध्य प्रांताची राजधानी, १८६७ला मुंबईकडची रेल्वे, मग बंगाल-नागपूर रेल्वे. एकेक हुकूम निघाला की एकेक भाषा सामान घेऊन उतरायची.

आमचं बिऱ्हाड असंच. वडिलांची नोकरी सरकारी, सदरमध्ये एका कंपाउंडात दोन खोल्या. मालकीण पारशी. डाव्या हाताला रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड, रविवारी ग्रामोफोन लावायचा. समोर तामिळ कुटुंब, तेही रेल्वेतलंच. त्या घरच्या बाईंना सगळे ‘मामी’ म्हणायचे. मी चार वर्षांचा होईपर्यंत त्यांना सख्खी मामी समजत होतो आणि मामा वेगळ्या भाषेत का बोलतो म्हणून आईला छळत होतो.

आई आर्वीकडची, लग्न होऊन नवीनच आलेली. एकदा वरणात घालायला कोथिंबीर नव्हती. कोथिंबीर हा शब्द मी तुमच्यातल्या पुण्याच्या पाहुण्यांसाठी वापरला, आपल्याकडे सांभारच. तर आई वाटी घेऊन मामींच्या दारात गेली आणि म्हणाली, “थोडा सांभार होना.” मामींचा चेहरा फुलला. नवीन पोरगी, आपलं जेवण मागते! वाटी बाजूला ठेवली, आतून मोठं पितळी भांडं आणलं, काठोकाठ भरलेलं, शेवग्याच्या शेंगा वर तरंगतायत. आईला वाटलं, यांच्याकडे सांभार शिजवूनच देतात. नाही कसं म्हणणार? घेऊन आली. वडील जेवायला बसले, ताटात बघतात तर वरण, आणि वरणाशेजारी आणखी एक वरण, आंबट. काही न बोलता जेवले. सरकारी नोकर, वरून आलेलं निमूट घ्यायची सवय.

आता भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपली रीत. दुसऱ्या दिवशी आईनं सांभारवड्या केल्या. बेसनाची पारी, आत खोबरं, खसखस, तीळ आणि मूठमूठ सांभार, चौकोनी घडी घालून तळलेल्या. भांडं भरून नेलं आणि अभिमानानं सांगितलं, “सांभारवडी है.” मामींनी एक वडी उचलली, मोडली, आत बघितलं, उलटी करून बघितली. मग हळूच विचारलं, “इसमें सांबार किधर है?” आईनं बोट लावून दाखवलं. मामी म्हणाल्या, “ये तो पत्ती है, मा!” दोघी दारात उभ्या राहून किती हसल्या असतील, सांगता येत नाही. पुढं तीस वर्षं आमच्या घरात कोथिंबिरीला ‘पत्तीवाला सांभार’ आणि दुसऱ्याला ‘भांड्यातला सांभार’ म्हणायचे. मामी चेन्नईला गेल्या तेव्हा ते पितळी भांडं आमच्याकडेच राहिलं. वडी भरून द्यायची राहून गेली होती.

या गोष्टीत एक शब्द निसटला, तो पकडा. “होना.” मेरेको चाय होना. दिल्लीचा माणूस विचारेल, चहा काय होणार आहे? तो आपला ‘हवा’ आहे, हिंदीचे कपडे घातलेला. तसंच ‘करके’. “रमेश करके एक लड़का है.” हे आपलं ‘म्हणून’. नागपुरी हिंदीला शुद्ध हिंदीवाले नावं ठेवतात, ठेवोत. कुणाचीच भाषा पूर्ण न येणारी माणसं एकाच नळावर उभी राहिली की जी भाषा तयार होते, ती ही.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ कमाल आहे, मी तर अजून प्रस्तावनेत आहे.

मग मुद्दा भरभर. सदरला आपण ‘सर्वधर्मसमभावाचं उदाहरण’ वगैरे म्हणतो. मला ते पटत नाही. तिथं कुणी समभाव बाळगून राहायला आलं नव्हतं. बदलीचा हुकूम आला म्हणून आले. शेजारी निवडलेला नव्हता, वाट्याला आला होता. आता जुन्या शहरात, इतवारी-महालात चला. तिथं पुरे, म्हणजे धंदेवार मोहल्ले, आहेत. हलबा कोष्ट्यांच्या आळ्या, मोमीनपुऱ्यात मोमीन विणकर, बोहऱ्यांची दुकानं, तेल्यांची घरं. धंद्यानं बसवलेल्या वस्त्या, देखण्या, जुन्या, सावजीचा वास गल्लीच्या तोंडाशीच येणार. मला फार आवडतात. पण तिथं अनोळखी माणूस गल्लीत शिरला की तिसऱ्या ओट्यावरून प्रश्न येतो, “कोणाकडे जायचंय? तू कोणाचा?” मायेनंच विचारतात, पण विचारतात. सदरमध्ये मला आजवर कोणी विचारलेलं नाही. कारण विचारणाराच कालचा आलेला. नाटकवाले, चित्रकार, घरच्यांना न पटलेलं लग्न केलेली जोडपी, यांना सदरमध्ये खोली मिळायची, ती याचमुळं. ते औदार्य नव्हतं, बेफिकिरी होती. खोली शोधणाऱ्याला तेवढी पुरत होती.

गिरणीनं काय आणलं, तेही यातच बसतं. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन भराव घातला. एका मारवाडी सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणाला. १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरिया सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढं त्याच सावकारानं कबूल केलं की यानं माती घातली आणि सोनं काढलं. त्या सोन्यामागं पारशी कुटुंबं आली. फ्रान्समधल्या आनेसीच्या संघाचे पाद्री तर गिरणीच्या आधीच आले होते, त्यांच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावानं आपली एसएफएस शाळा. १९५६ला राजधानी गेली, तरी खाणी, भूगर्भ, रिझर्व्ह बँक अशी कार्यालयं राहिली आणि बदल्या चालू राहिल्या. आता बदली होऊन आलेला माणूस थेट फ्लॅट बघतो, गेट बंद असलेल्या स्कीममध्ये. गेटवर वही असते. वहीत पहिला रकाना: ‘कोणाकडे?’

दुसरी चिठ्ठी. बरं, वाट सांगतो आणि बसतो. रविवारी सकाळी सहा, कस्तुरचंद पार्क. मधली छत्री बघायची, तिथून रेसिडेन्सी रोडनं सदर, ऑल सेंट्स कॅथेड्रल, मग मंगळवारी बाजार. बाजाराच्या तोंडाशी बंगाली बाबू मासळी निवडताना दिसले तर पाच मिनिटं थांबायचं. कल्ला उचलून आत कसं बघतात, ते बघण्यासारखं असतं. शेवट मोहननगर. साडेआठला तर्रीपोहे. चपला नकोत, बूट घाला. फरशी दिसली तर आधी काठी टेकवा.

हो, तुम्ही मागचे, काय म्हणालात? गाडी कुठं लावायची?

पार्काच्या बाजूला लावा. पण सहाच्या आत या, नंतर तिथं जागा मिळत नाही.