उदरातली कृपा आणि बाप्तिस्म्याचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ जन्माला येण्याआधीच त्याला देवाची कृपा मिळते का? ख्रिस्ती घरात हा प्रश्न निघतो तो बहुधा दिवस गेलेले असताना, आणि बाळ दगावलं तर तो फार जिव्हारी लागतो. उत्तर देताना बायबलमधल्या निरनिराळ्या वचनांची एकच मोट बांधली जाते, तिथेच घोटाळा होतो.

जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याला देव सांगतो, तू उदरातून बाहेर येण्याआधीच मी तुला पवित्र केलं, राष्ट्रांसाठी संदेष्टा नेमलं. गलतीकरांस पत्रात प्रेषित पौलही म्हणतो की आईच्या उदरात असल्यापासून देवाने मला वेगळं काढलं. पण हाच पौल पुढे ख्रिस्ती मंडळीचा छळ करत होता आणि दमास्कसात त्याला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, घ्यावाच लागला. जन्माआधीची निवड होती, तरी संस्कार काही चुकला नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गोष्ट याहून पुढची. तो आईच्या उदरापासूनच पवित्र आत्म्याने भरलेला असेल, असं देवदूत त्याच्या वडिलांना, जखऱ्याला सांगतो. त्याची आई अलीशिबा हिला सहावा महिना असताना येशूची आई मरीया हिचा आवाज कानी पडतो आणि पोटातलं बाळ उडी मारतं. प्राचीन चर्चचे धर्मपंडित संत ऑगस्टीन मात्र इथे सावध आहेत. 417 सालच्या एका पत्रात ते ही उडी देवाने दिलेली खूण मानतात, बाळाची समजून केलेली श्रद्धा नव्हे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यिर्मया आणि योहान या दोघांनाही उदरातच पवित्र झालेले मानतात, पण अपवाद म्हणून. गर्भातल्या बाळापर्यंत माणसाचा हात पोचत नाही, देवाचा पोचतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते या विषयावर इतकं नेमकं क्वचितच कुणी बोललं असेल.

मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाबद्दल, म्हणजे ती गर्भात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती या शिकवणीबद्दल, एक गल्लत हटकून होते. 8 डिसेंबर 1854 रोजी पोप नववे पायस यांनी जाहीर केलेला हा सिद्धांत येशूच्या नव्हे, मरीयेच्या स्वतःच्या गर्भधारणेविषयी आहे. ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट मंडळी तो मानत नाहीत.

आता व्यवहाराचं. आईच्या पोटावर पाणी शिंपडलं तर तो बाप्तिस्मा होत नाही. पाणी बाळाला लागायला हवं. जन्मापूर्वी धर्मगुरूंकडून आईला आणि बाळाला आशीर्वाद जरूर घ्यावा, पण तो आशीर्वादच. जन्मताच बाळाच्या जिवाला धोका असेल तर कॅथलिक नियमाप्रमाणे कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, दुसऱ्या धर्माची नर्ससुद्धा. चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू मात्र हवा. साधं पाणी घ्या, वाटीभर पुरे. ते तीनदा डोक्यावर ओता आणि ओततानाच म्हणा: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे. नुसता ओला हात फिरवला की पुढे शंका निघते. एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, हेही चालत नाही. "मी"च्या जागी "आम्ही" म्हटलं तर बाप्तिस्मा होत नाही, असा निर्वाळा व्हॅटिकनने 2020 मध्ये दिला आहे. बाळात जीव आहे की नाही याची शंका असेल तर आधी "तू जिवंत असशील तर" एवढं जोडावं. बाळ वाचलं तर चर्चला कळवून नोंद करून घ्या. बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, उरलेले विधी तेवढे पूर्ण करतात.

आणि बाळ पोटातच गेलं तर? मृत बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. अशा बाळांसाठी "लिंबो" नावाची, ना स्वर्ग ना नरकयातना अशी जागा आहे, असं अजूनही कुणी घाबरवतं. पण ती कधीच बंधनकारक शिकवण नव्हती. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ या बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो, आणि त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने 2007 मध्ये मांडलं. आईबापांचा बाप्तिस्मा द्यायचा मानस होता, एवढ्यावर बिशपांच्या परवानगीने चर्चमधून अंत्यविधीही होतो. ही परवानगी मागता येते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून धर्मगुरूंना लगेच विचारावं.