डोळ्यांना जाहिरात ओळखू येते, तेव्हा

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, आजच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली एका सराफांची जाहिरात आहे. ती कुणी वाचली? हात वर करा. दोघांनी. त्यातले एक स्वतः सराफच आहेत. (हशा)

माझं म्हणणं एवढंच, की आपण जाहिरात वाचून नाकारत नाही. तिचा रंग आणि तिची जागा पाहूनच डोळा पुढे सरकतो. आणि त्याच रंगात, त्याच जागी कामाची गोष्ट आली, तर तीही जाते.

माझ्या भाचीला एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा होता. संस्थेचं नाव घेत नाही, समोर कुणाचा तरी मेहुणा तिथे निघायचा. संकेतस्थळ उघडलं की आधी मान्यवरांचे फोटो. मग सरकणाऱ्या ओळी आणि त्यांच्या शेपटीला लुकलुकणारं 'न्यू'. ते न्यू आहे तेव्हापासून न्यूच आहे. मुदत वाढली का, हे पोरगी शोधतेय, शेजारी तिचे बाबा चष्मा पुसून शोधताहेत. शेवटी फोन लावला. पलीकडचे साहेब म्हणाले, "अहो ताई, सगळ्यात वर एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत दिलंय की!" होतं खरं. पिवळ्या पट्टीवर, उघडझाप करणारं. दोघांनीही ती कर्जाची जाहिरात समजून वर ढकलली होती. यावर साहेबांनी ऐकवलं, "हल्लीची मुलं वाचतच नाहीत." माझा राग या वाक्यावर आहे! क्रिकेटच्या एका रनआउटखालच्या शेकडो कॉमेंटी वाचतात हो ही मुलं. पट्टी तुम्ही जाहिरातीसारखी केलीत, त्याचं काय?

आणि हे माझ्या पदरचं नाही. १९९८ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात बेनवे आणि लेन या दोघांनी लोकांना वेबपानांवर माहिती शोधायला बसवलं. हवी ती लिंक वरच्या मोठ्या, रंगीत पट्टीत ठेवली. लोकांना नेमकी तीच दिसेना! 'बॅनर ब्लाइंडनेस' म्हणतात ते हेच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेवर छापलेला विषय आता सुरू करतो. (हशा)

पळवतो. २७ ऑक्टोबर १९९४, 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची जाहिरातपट्टी. पाहणाऱ्यांतल्या ४४ टक्के लोकांनी ती दाबली म्हणतात. आज शंभरात एकाने दाबली तरी जाहिरातदार पेढे वाटेल. मग पैसे कशाचे? तर धंद्याच्या मापात साध्या जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला, की ती 'दिसण्याजोगी' ठरते. तेव्हा तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत असलात तरी चालतं.

यूट्यूबने २०१० मध्ये पाच सेकंदांनी जाहिरात वगळायची सोय आणली. अंगठा आधीच कोपऱ्यात जाऊन बसतो, नजर उलट्या आकड्यांवर. साबण कोणता होता, विचारू नका.

पट्टी चालेना, म्हणून जाहिरात पट्टीतून उठली आणि मावसभावाच्या लग्नाच्या फोटोंमध्ये येऊन बसली. तोच आकार, तसंच नाव, वर फिकट 'प्रायोजित'. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत ही वेषांतर केलेली जाहिरातही आहे. चांगलं झालं. पण उद्या सगळ्यांनी 'प्रायोजित' ठसठशीत, रंगीत, एकाच जागी छापलं, तर डोळा तेही शिकणार आणि सोडणार. यावर उपाय काय, हा भाग मी घरून लिहून आणला होता. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा तो चहाच्या टेबलापाशी.